स्वभावाचा रकाना

मनामात, गुदैबियाच्या एका गल्लीत,
केरळी चहावाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस.
एसीचं पाणी बादलीत टपटपतं
आणि मी मुली टाइप करते.
चुकलं. मुलींची माहिती टाइप करते.
अकरा वर्षांत दोन्हींतला फरक पुसट झालाय.

वय तेवीस. उंची पाच-दोन. वजन चोपन्न.
इस्त्री येते. लहान मुलं आवडतात.
फोटोत हात पोटावर, एकावर एक,
हसू इतकंच, की दात दिसावेत, मत दिसू नये.
शेवटचा रकाना: स्वभाव.
तिथे मी ‘शांत’ लिहिते. कुणालाच न विचारता.
कंपालाहून आलेली शांत, मोम्बासाहून आलेली शांत,
‘हनुवटी खाली घे’ म्हणणाऱ्या फोटोग्राफरला
त्याच्याच स्टुलावर उभं राहून झापणारी,
तीही शांत.

ती नाबुकेन्या. मालकिणीची गाडी आली
तेव्हा बाकावर पुस्तक ठेवून गेली.
विसरली की ठेवलं, अजून ठरवता आलेलं नाही.
मुखपृष्ठ गेलेलं. मागे लेखिकेचा फोटो,
नावावर कॉफीचा डाग,
डोक्याला घट्ट बांधलेलं कापड, आणि नजर अशी
की बघ, पण हात लावू नकोस.

माझं इंग्रजी रकान्यांपुरतं.
रोज चार पानं, खोलीतल्या बायका निजल्यावर,
मोबाइलच्या उजेडात.
गोष्टीतली मुलगी एकोणीसची.
परीक्षेच्या फीचे पैसे घेऊन जाते
आणि वेण्या घालून परत येते.
आत्याशी खोटं बोलते. चर्चमध्ये जांभया देते.
एका मुलाच्या प्रेमात पडते आणि त्याला कंटाळते,
एकाच प्रकरणात.

मी आत्याच्या बाजूने होते, लाज कसली.
फी भरणाऱ्यालाच फीचा आकडा पाठ असतो.
माझी कस्तुरीही एकोणीसची, रत्नागिरीत होस्टेलवर.
‘आई, नंतर बोलू.’
ते नंतर इथे दोन वर्षं
दाराशी चपला घालून उभं आहे.

तर, मी वाट पाहत होते.
आता सुधारेल. आता रडेल.
आत्याच्या पाया पडेल,
निदान ताप तरी येईल मेलीला.
लेखिका काही ऐकेना.
मुलगी चुकत राहिली
आणि ती तिच्या शेजारी बसून राहिली नुसती,
ना रागे भरली, ना पाठीवरून हात फिरवला.

जिथे जिथे मी जीभ चावली
तिथे तिथे पेन्सिलीच्या दोन-दोन रेघा.
एके ठिकाणी समासात, बारीक अक्षरात: ‘हो.’
एवढंच.
आत्या विचारते, तुला नेमकं हवंय तरी काय,
आणि मुलगी म्हणते, अजून माहीत नाही,
पण ते माझं मला कळू दे.
त्याच्याच शेजारी.

शेवटी ती बसस्टँडवर उभी. कुठली बस, सांगितलेलं नाही.
पान उलटलं तर कोरं.
पानं फाटली असतील म्हणून आकडे तपासले.
फाटली नव्हती.

रविवारी रिफ्फाहून फोन.
तुमची ती शांत मुलगी उलट बोलते.
एक तारखेला पगार मागते. सुट्टीचा वार विचारते.
फॉर्मवर तर तुम्ही…
मी म्हणाले, मॅडम, टायपिंगची चूक.

मग तिची फाइल उघडली, ‘शांत’ पुसलं.
वीस अक्षरं मावतात त्या रकान्यात.
कर्सर लुकलुकत राहिला,
बादली भरून जमिनीवर सांडायला लागली
तरी मला एक शब्द सुचेना.
पुस्तक खणात ठेवलं, पासपोर्टांच्या गठ्ठ्यावर.
खण नीट बंद होईना.

घरी जाताना कस्तुरीला लिहिलं, ‘जेवलीस का?’
पुसलं. लिहिलं,
‘तुझा स्वभाव कसा आहे गं?’

बऱ्याच वेळाने उत्तर आलं:
‘आई, तू बरी आहेस ना?’